विंडोजला धक्का न लावता त्याच लॅपटॉपवर उबुंटू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणक अभियांत्रिकीचं दुसरं वर्ष, घरात लॅपटॉप एकच, त्यात ५१२ जीबीची एसएसडी, १६ जीबी रॅम आणि लॅपटॉपसोबतच आलेलं विंडोज ११ होम. कॉलेजात लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू झालंय म्हणून उबुंटू हा तिचा एक प्रकार हवा आहे. पण संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर वडील श्री-लिपी आणि कोरलड्रॉ उघडून लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं लावतात. त्यामुळे विंडोज हलता कामा नये आणि त्यांची एकही फाइल जाता कामा नये. एक मित्र म्हणाला, "सिक्युअर बूट बंद कर, पेनड्राइव्ह लाव, अर्ध्या तासात होतं." (सिक्युअर बूट म्हणजे मान्य सही नसलेली सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय.) दुसऱ्याचा लॅपटॉप असंच करताना निळ्या स्क्रीनवर अडकला आणि ४८ अंकी किल्ली मागत बसला. म्हणून तुम्ही थांबलात.

थांबलात ते फार बरं केलंत. साताऱ्यात अठरा वर्षं मी संगणक जोडणी-दुरुस्तीचं काम करतोय, आणि दोन सिस्टिम असलेली मशीनं दर महिन्याला हाताखालून जातात. मित्राचा अर्धा तास खोटा नाही. उबुंटू बसायला तेवढाच वेळ लागतो. पण माझ्याकडे बिघडून येणारी बहुतेक मशीनं त्या अर्ध्या तासात बिघडलेली नसतात. त्याच्या आधी जे करायचं राहून गेलं, त्याने बिघडलेली असतात. म्हणून या उत्तराचा मोठा भाग पेनड्राइव्ह लावायच्या आधीचा आहे.

आधी मूळ अडचण काय ते सांगतो. दोन सिस्टिम एकाच वेळी कधी चालत नाहीत, त्यामुळे त्यांचं आपसात भांडण होत नाही. वाद होतो तो दोन ठिकाणी: डिस्कवरची जागा कुणाची किती, आणि बटण दाबल्यावर आधी उठवायचं कुणाला. पहिला वाद म्हणजे भावाभावांतली जमिनीची वाटणी. डिस्कवर पार्टिशन टेबल नावाची नोंद असते, तिला डिस्कचा सातबारा समजा. कुठून कुठपर्यंत कुणाचं, ते त्यात लिहिलेलं असतं. तो उतारा न वाचता नांगर घातला की शेजारच्याचं शेत जातं.

दुसऱ्या वादाबद्दल लोकांच्या मनात अजून जुनीच भीती आहे. मी काम शिकत होतो तेव्हा सगळीकडे विंडोज एक्सपी होतं, आणि उबुंटूच्या सीडी मागवल्या की पोस्टाने फुकट घरी यायच्या. ती योजना २०११ साली बंद झाली. त्या काळी डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या ५१२ बाइटांत बूटलोडरची, म्हणजे सिस्टिम उठवणाऱ्या लहान प्रोग्रामची, सुरुवात बसायची, आणि तिथे जागा एकालाच. विंडोज पुन्हा टाकलं की ते ती जागा घ्यायचं आणि लिनक्स दिसेनासं व्हायचं. तुमच्या लॅपटॉपात तसं नाही. तिथे यूईएफआय ही सिस्टिम उठवायची नवी पद्धत आहे आणि डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा, साधारण १०० ते २६० एमबीचा एक लहान कप्पा आहे. त्यात 'मायक्रोसॉफ्ट' नावाचा फोल्डर आज आहेच. उबुंटू आलं की शेजारी 'उबुंटू' नावाचा दुसरा होईल. दोघांचे बूटलोडर आपापल्या फोल्डरात राहतात, आणि आधी कुणाला हाक मारायची ती यादी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. म्हणून हल्ली कुणी "विंडोजच्या अपडेटने उबुंटू उडवलं" म्हणत आलं, तर बहुतेक वेळा उडालेलं काहीच नसतं. यादीतला क्रम तेवढा बदललेला असतो.

हे सगळं तुमचं विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं आहे असं धरून. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज ११ तसंच असणार, तरी एकदा डोळ्यांनी बघा: स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, उघडा, 'बायोस मोड' या ओळीसमोर 'यूईएफआय' दिसायला हवं. जुन्या मशीनवर तिथे 'लेगसी' दिसतं. तसं असेल तर उबुंटूही लेगसी पद्धतीनेच बसवावं लागतं, कारण एक या पद्धतीची आणि दुसरी त्या पद्धतीची असं झालं की बूट मेन्यूत दोघी एकत्र येत नाहीत.

आता एक प्रश्न मी दुकानात प्रत्येकाला विचारतो, तो तुम्हालाही विचारतो: उबुंटू नेमकं कशासाठी हवं आहे? सी आणि पायथनचे प्रोग्राम, शेल स्क्रिप्ट, गिट एवढंच असेल तर विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल नावाची सोय आहे. एका आज्ञेत उबुंटू येतं, डिस्कची वाटणी करावी लागत नाही आणि १६ जीबी रॅमवर ते छान चालतं. कितीतरी विद्यार्थ्यांना मी तेवढंच करून परत पाठवलंय. पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला कर्नल मॉड्यूल लिहायचं असेल, नेटवर्क कार्डाशी किंवा यूएसबीला लावलेल्या बोर्डाशी थेट बोलायचं असेल, किंवा रोजचं कामच लिनक्सवर करून ते अंगवळणी पाडायचं असेल, तर वेगळी सिस्टिम हवी. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला लिनक्सवरच राहून शिकायचंय. ते कारण मला पटतं, म्हणून पुढे जातो.

दुसऱ्या मित्राची निळी स्क्रीन म्हणजे बिटलॉकरची, डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची. विंडोज होममध्ये तिला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिलं साइन इन झालं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. काही लॅपटॉपांत हे त्याआधीही होतं. मालकाला बहुधा पत्ताच नसतो, कारण रोजच्या वापरात ते कुलूप दिसत नाही. मदरबोर्डवरची टीपीएम चिप रोज सकाळी गुपचूप उघडून देते. पण सिक्युअर बूट बंद केलं किंवा बूटचा क्रम बदलला की चिपला वाटतं, मशीनशी कुणीतरी खेळलंय. मग ती उघडायचं नाकारते आणि ४८ अंकी किल्ली मागते.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असा लॅपटॉप घेऊन आला. स्क्रीनवर किल्ली भरायची रिकामी चौकट आणि खाली किल्लीचा ओळखक्रमांक. त्याने सिक्युअर बूट पुन्हा चालू करून पाहिलं होतं. तेवढ्याने कधीकधी काम होतं, पण तोवर त्याने बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधून) टीपीएमसुद्धा साफ करून टाकलं होतं. किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणून खातं कोणतं ते विचारलं. तेव्हा कळलं की लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने स्वतःच एक ईमेल काढून साइन इन करून दिलं होतं. तो ईमेल ना मुलाला माहीत, ना वडिलांना. दोन दिवस आम्ही जुनी बिलं, फोनमधले मेसेज, सगळं चाळलं. सापडलं नाही. शेवटी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं. बहिणीच्या लग्नाचे फोटो तेवढ्या एकाच ठिकाणी होते.

म्हणून तुमचं पहिलं काम आजच करा. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. चालू असेल तर ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन या लॅपटॉपची रिकव्हरी की शोधा, कागदावर लिहा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नका. कुलूप लागल्यावर ती फाइल कुलुपाच्या आत राहील. किल्ली हातात आल्यावर एन्क्रिप्शन बंद करा. डेटा किती आहे त्यावर अर्धा तास ते दोन तास लागतील, तोवर चार्जर लावून ठेवा. उबुंटूचा इन्स्टॉलरही कुलूपबंद डिस्क दिसली की आधी बिटलॉकर बंद करा म्हणूनच सांगतो.

एन्क्रिप्शन बंद ठेवणं ही तडजोड आहे, हे लपवत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क काढून कुणीही वाचू शकेल. काम पूर्ण झाल्यावर ते पुन्हा चालू करा असं मी सांगतो. फक्त त्या वेळी किल्ली नवी तयार होते. जुना कागद फाडून नवी लिहायची.

दुसरं काम बॅकअप. इथे एक गैरसमज इतक्यांदा भेटतो की स्पष्टच लिहितो: डी ड्राइव्हवर केलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. डी ड्राइव्ह त्याच डिस्कचा तुकडा आहे. डिस्क गेली की दोन्ही गेले. बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि त्यावर वडिलांच्या कोरलच्या फाइली, पीडीएफ आणि गिऱ्हाइकांच्या मजकुराचे फोल्डर ठेवा. श्री-लिपीचा सेटअप, लायसन्सची माहिती आणि वापरातले फॉन्टही घ्या. हे फॉन्ट विसरू नका. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत लावलेला जुना मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडला तर अक्षरांऐवजी नुसती चिन्हं दिसतात, आणि दहा वर्षांपूर्वीची पत्रिका पुन्हा छापायची वेळ छापखान्यात येतेच. कॉपी झाल्यावर त्यातल्या चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप मी धरतच नाही.

तिसरं काम फास्ट स्टार्टअप बंद करणं. 'शटडाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धवट झोपतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. झोपताना ते डिस्कवरची आपली पार्टिशनं 'वापरात' अशी खूण करून ठेवतं. उबुंटूने तशा पार्टिशनवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. म्हणून शहाणा उबुंटू ते फक्त वाचायला उघडतो आणि लोकांना वाटतं लिनक्समध्ये दोष आहे. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', त्यात 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढा. एसएसडीवर त्याने सुरू होण्यात दोन-चार सेकंदांचाच फरक पडतो.

चौथं काम जागा मोकळी करणं, आणि ते विंडोजच्याच हाताने करायचं. उबुंटूचा इन्स्टॉलरही विंडोजचं पार्टिशन लहान करू शकतो, पण मी ते करू देत नाही. ज्याचं घर आहे त्यालाच कोणतं सामान कुठे ठेवलंय ते ठाऊक असतं. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तुमची ५१२ जीबीची डिस्क तिथे ४७६ जीबीच्या आसपास दिसेल. घाबरू नका, कंपनी दशमानात मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, एवढाच फरक. सी ड्राइव्हवर उजवं क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा.

इथे बरेच जण अडकतात. सी ड्राइव्हवर अडीचशे जीबी रिकामे असतात आणि विंडोज म्हणतं, ४० जीबीच कमी करता येतील. कारण रिकाम्या जागेच्या मधोमध एखादी न हलणारी फाइल बसलेली असते: हायबरनेशनची, व्हर्च्युअल मेमरीची (तिलाच पेजिंग फाइल म्हणतात) किंवा सिस्टिम रिस्टोअरची. जमिनीच्या मधोमध विहीर असावी तसं. उपाय असा: हायबरनेशन बंद करा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, पेजिंग फाइल तात्पुरती 'नो पेजिंग फाइल' करा, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून पाहा. बहुतेक वेळा आकडा एकदम वाढतो. काम झालं की पेजिंग फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन लगेच पूर्ववत करा. पेजिंग फाइल नसेल तर मोठ्या फाइलीवर कोरल अडखळेल आणि वडिलांना कारण कळणार नाही.

किती जागा द्यायची हे वापरावर ठरतं. उबुंटूची किमान गरज २५ जीबी आहे, पण तेवढ्यात कोंडल्यासारखं होतं. कंपायलर, एडिटर, एक-दोन डॉकर इमेज आणि तुमचे प्रोजेक्ट धरून मी विद्यार्थ्यांना ८० ते १२० जीबी देतो. तुमची डिस्क बरीच रिकामी असेल तर १२० द्या. श्रिंकच्या चौकटीत आकडा एमबीमध्ये लागतो, म्हणजे १,२२,८८०. मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' अशी काळ्या पट्टीने दिसेल. तिला हात लावू नका, फॉरमॅट करू नका, ड्राइव्हचं अक्षर देऊ नका. ती तशीच उबुंटूला हवी आहे.

थोडं मागे वळून: किल्ली कागदावर, एन्क्रिप्शन बंद, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आणि तपासलेला, फास्ट स्टार्टअप बंद, १२० जीबी मोकळे. हे पाच झाल्याशिवाय पुढचं वाचूनही उपयोग नाही. यातलं काही उरलं असेल तर इथेच थांबा, घाई कुणालाच नाही.

आता सिक्युअर बूट. ते बंद करायची गरज नाही. उबुंटू, मिंट, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांचे बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीनिशी येतात आणि सिक्युअर बूट चालू असताना नीट सुरू होतात. मित्राचा सल्ला दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. शिवाय आता काही गेम विंडोज ११ वर सिक्युअर बूटशिवाय चालत नाहीत, व्हॅलोरंट त्यातलाच. हां, ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर नाकारायला सुरुवात केली आणि दोन सिस्टिम असलेल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स सुरू होईना. त्यावरून मी एवढंच शिकलो की पेनड्राइव्हवर दोन वर्षांपूर्वीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) वापरायची नाही, ताजी उतरवायची. उबुंटू २४.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) घेतलंत तर त्याच्याही पुढच्या सुधारित आयएसओ असतात, त्यातली शेवटची घ्या.

आयएसओ सहा जीबीच्या आसपास असते, म्हणून पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आयएसओ पेनड्राइव्हवर चढवायला रुफस हा प्रोग्राम वापरा, पार्टिशन पद्धत जीपीटी ठेवा. मग पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करा आणि बूट मेन्यूची कळ दाबत राहा: डेल, लेनोव्हो आणि एसरवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरमध्ये ती कळ आधी बायोसमधून चालू करावी लागते.

उबुंटू पेनड्राइव्हवरून उघडलं की लगेच इन्स्टॉल करू नका. अर्धा तास तसंच वापरून बघा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटांनी सरकतं का, ब्राइटनेस कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का. डिस्कला हात न लावता सगळं कळतं. काही वाय-फाय चिप रुसतात. ते आत्ता कळलेलं बरं.

इथे आणखी एक अडथळा येऊ शकतो: इन्स्टॉलरला तुमची एसएसडी दिसणारच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची, एसएसडी हाताळायची वेगळी मांडणी चालू असते, त्यामुळे कधीकधी असं होतं. लोक बायोसमध्ये जाऊन ती बंद करतात, उबुंटूला डिस्क दिसते, आणि विंडोज मात्र सुरू व्हायचं थांबतं, कारण त्याला नव्या मांडणीचा ड्रायव्हर लोड करायची सवय नसते. क्रम उलटा हवा. आधी विंडोजमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडून बूटच्या पानावर 'सेफ बूट'ची खूण करा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल, ड्रायव्हर आपोआप जुळवेल. मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असं बऱ्याचदा होतं. म्हणून खात्याचा पासवर्ड पाठ हवा. आणि डिस्क आधीच दिसत असेल तर या फंदात पडूच नका.

इन्स्टॉलरमध्ये एकच पान धोक्याचं आहे. तिथे 'इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू' असा पर्याय असतो, आणि तो सगळं पुसतो, विंडोजसकट. माउस घाईत असतो तेव्हा तोच हाताला लागतो. तुम्ही 'मॅन्युअल इन्स्टॉलेशन' घ्या. यादीत एसएसडीचं नाव 'एनव्हीएमई'ने सुरू होईल आणि पेनड्राइव्हचं 'एसडी'ने, त्यावरून ओळखा. एसएसडीखाली पहिला लहान तुकडा फॅट३२ चा, तो ईएफआय. मग एक १६ एमबीचा, मग विंडोजचा मोठा, मग रिकव्हरीचा. तुम्ही मोकळी केलेली १२० जीबीची 'फ्री स्पेस' यातच कुठेतरी दिसेल. फक्त तिच्यावर क्लिक करा, नवं पार्टिशन करा, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम कमी पडली तर लागणाऱ्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन नको. उबुंटू स्वतःच फाइल करतं. ईएफआयचा तुकडा उबुंटू वापरेल, पण त्याला फॉरमॅट करण्याची खूण चुकूनही नको, विंडोजचा बूटलोडर त्यातच आहे. शेवटी काय काय बदलणार याची यादी येते. तिचा फोनने फोटो काढा आणि शांतपणे वाचा. 'फॉरमॅट' हा शब्द फक्त तुमच्या ईएक्सटी४ समोर असायला हवा. दुसरीकडे कुठेही दिसला तर मागे फिरा. या पानापर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं गेलेलं नसतं.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर 'थर्ड पार्टी ड्रायव्हर' निवडल्यावर एखादे वेळी एक पासवर्ड मागेल. तो साधा ठेवा आणि लिहून ठेवा. पासवर्ड मागितला असेल तर रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट'साठी (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाने मान्य केलेली सहीची किल्ली) कोणतीही कळ दाबा असं दिसेल, आणि फक्त दहा सेकंद थांबेल. लोक त्याच वेळी चहा आणायला जातात, ती दहा सेकंदं निघून जातात, आणि मग ग्राफिक्स ड्रायव्हर का चालत नाही म्हणून आठवडाभर शोधत बसतात. तिथे 'एनरोल मॉक' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. ते नजरेआड झालंच तर उबुंटूतून ड्रायव्हर पुन्हा टाकला की पडदा पुन्हा येतो.

आता तुमच्या घराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. उबुंटू बसल्यावर बूटच्या यादीत स्वतःला पहिलं ठेवतं आणि ग्रब नावाचा काळा मेन्यू दाखवतं. बहुतेक माहितीपत्रकं इथे थांबतात. पण संध्याकाळी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना वडिलांनी बटण दाबलं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी आली, तर त्यांनी काय करावं? म्हणून अशा घरांत मी बायोसमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पुन्हा पहिल्या क्रमांकावर ठेवतो. वडिलांनी बटण दाबलं की नेहमीसारखं विंडोज. तुम्हाला उबुंटू हवं तेव्हा तुम्ही बूट मेन्यूची कळ दाबून निवडायचं. यात आणखी एक फायदा आहे: विंडोज ग्रबमधून सुरू केलं तर बिटलॉकर बिथरू शकतं, थेट सुरू झालं की त्याला काही वेगळं दिसतच नाही. एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा म्हणालो ते या मांडणीच्या भरवशावर. एनव्हिडियाचं निळ्या पडद्याचं काम आधी उरका, मग क्रम बदला, आणि सगळ्यात शेवटी एन्क्रिप्शन.

दुसऱ्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बॅटरी गेलेली नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं समजतं आणि उबुंटू जागतिक वेळ लिहितं. भारताची वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे, तेवढाच फरक पडतो. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेला 'सेट-लोकल-आरटीसी १' असं सांगितलं की तेही स्थानिक वेळ धरतं. परदेशातले जाणकार हे करू नका म्हणतात, कारण तिथे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ पुढे-मागे होतं आणि दोन्ही सिस्टिम ते दोनदा करतात. आपल्याकडे ती पद्धत नाही, त्यामुळे मी बिनदिक्कत हेच करतो. वडिलांच्या बिलांवर चुकीची वेळ पडू नये एवढं बघायचं.

फाइलींच्या देवाणघेवाणीबद्दल माझं मत कडक आहे. उबुंटूतून सी ड्राइव्ह उघडता येतो. एन्क्रिप्शन चालू असेल तर ती ४८ अंकी किल्ली मागेल. पण वडिलांच्या कामाच्या फोल्डरला उबुंटूतून हात लावू नका. तुमचे प्रोजेक्ट उबुंटूच्या स्वतःच्या जागेत ठेवा; विंडोजच्या पार्टिशनवर ठेवले तर परवानग्यांचे घोळ होतात. इकडून तिकडे काही न्यायचं झालं तर पेनड्राइव्ह आहेच. ब्लूटूथ हेडफोन दोन्हीकडे वापरणार असाल तर दर वेळी नव्याने जोडावे लागतील; त्याचा कायमचा उपाय आहे, पण तो सुरुवातीला नको.

पुढे कधी विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर बूट मेन्यूत उबुंटू दिसलं नाही, तर इन्स्टॉल पुन्हा करू नका. आधी बायोसमधली बूटची यादी बघा. तिथेही नसेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू उघडून बूटलोडर पुन्हा नोंदवता येतो. तुमच्या फाइली ईएक्सटी४ मध्ये जिथल्या तिथे असतात. आणि कधी उबुंटू काढायचं ठरलंच, तर आधी विंडोज पहिल्या क्रमांकावर आहे आणि स्वतःच्या बळावर सुरू होतंय याची खात्री करा, मगच उबुंटूचं पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून काढा आणि सी ड्राइव्ह वाढवा.

एक पर्याय सांगायचा राहिला. लॅपटॉपात दुसरा एम.२ स्लॉट किंवा २.५ इंची जागा असेल आणि थोडा खर्च झेपत असेल, तर वेगळी एसएसडी बसवून उबुंटू तिच्यावर टाका. बॅकअप तरीही घ्यायचाच, पण वाटणीचा प्रश्नच उरत नाही. फक्त त्या वेळीही बूटलोडर जुन्या डिस्कच्या ईएफआयमध्ये जाऊन बसण्याची काही इन्स्टॉलरना खोड आहे, म्हणून बसवताना मी जुनी एसएसडी स्क्रू काढून बाहेरच ठेवतो. तुमच्या लॅपटॉपात ती जागा आहे की नाही हे मॉडेलवर अवलंबून आहे. पूर्ण मॉडेल क्रमांक आणि डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा एक फोटो पाठवा, मग तुमची काळी पट्टी कुठे आणि किती बसेल ते नेमकं सांगतो.